यादीतली सहावी वस्तू

दिग्रस
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५
सकाळी ७ वाजून ४० मिनिटे

आदरणीय खेमसिंग काकाजी यांस,
संघर्ष उकंडा मनवर याचा जय भीम.

हे लिहायला बसण्याआधी मी तुमचा दिवाण मोजत होतो. लांबी सहा फूट दोन इंच भरली. पुन्हा मोजली, तेवढीच भरली. घर आता माझे झाले आहे, पण दिवाण अजून तुमचा आहे, म्हणून हे पत्र.

सोमवारी रजिस्ट्री झाली तेव्हा सामानाचे बोलणे राहून गेले. तुमचा मुलगा प्रेम गाडी चालू ठेवून उभा होता आणि तुम्ही म्हणालात, "एकतीस वर्षं एसटीचं इंजिन डाव्या कानापाशी होतं, फोनवर मले काही ऐकू येत नाई. चिठ्ठी लिहीत जाय." मलाही लिहिणेच बरे वाटते. जिनिंगच्या काट्यावर मी दिवसभर कापसाच्या गाड्या मोजून पावत्या लिहितो. तोंडी ठरलेले माझ्या लक्षात राहते, समोरच्याच्या राहत नाही.

तुम्ही सगळ्या सामानाचे १८,५०० सांगितले होते. मी प्रत्येक वस्तू पाहिली. काट्यावर कापूस ओला असला की आम्ही घट धरतो, तशी इथेही धरली आहे.

१. सागवानी दिवाण. तुमचे ७,०००. एक पाय अर्धा इंच आखूड, खाली फरशीचा तुकडा लावलेला. माझे ५,६००.
२. लोखंडी कपाट, आरशाचे. तुमचे ५,०००. आतल्या कप्प्याची किल्ली नाही. माझे ४,०००.
३. टेबल व दोन खुर्च्या. तुमचे २,५००. माझे २,०००.
४. भांड्यांची मांडणी. तुमचे १,२००. माझे ९००.
५. कूलर. तुमचे २,८००. पंप बंद, आणि आता हिवाळा आहे. माझे १,५००.
६. ओसरीतले एसटीचे जुने दोन माणसांचे सीट. पाठीवर २३ आणि २४ असे आकडे. चार बोल्टने जमिनीत पक्के. रस्त्याकडच्या, म्हणजे २३ च्या बाजूचे रेक्झिन फाटून त्यावर भरतकामाच्या कापडाचे ठिगळ, ठिगळात सात बारीक आरसे (मोजले). खरेदीखतात "जमिनीत पक्क्या बसवलेल्या वस्तूंसह" असे लिहिले असल्यामुळे हे घरासोबतच आले आहे. किंमत धरलेली नाही.

एकूण १४,०००.

२८ डिसेंबरच्या आत ठरले तर बरे होईल. त्या दिवशी दारव्ह्याहून पाहुणे घर पाहायला येणार आहेत. माझे आईवडील नाहीत हे तुम्हाला माहीतच आहे. निदान घर तरी भरलेले दिसावे, अशी माझी इच्छा आहे.

तुमचा,
संघर्ष


वणी
१७ नोव्हेंबर

चि. संघर्षले खेमसिंग राठोडचा जय सेवालाल.

तुह्यं पत्र भेटलं. अक्षर चांगलं हाय. हिशोब खराब हाय.

माह्या दिवाणाले तू कापसासारखं ओलं समजून राह्यला काय? सागवान हाय ते. त्याची घट होत नाई, तुह्यी होईल. पाय आखूड नाई, घराची जमीन त्या कोपऱ्यात खाली हाय, आणि ती जमीन आता तुह्यी हाय. म्हणजे नुकसान तुह्या मालात निघालं, घट माह्या मालात कायले धरतो?

कूलरचा पंप मारवाड्याच्या दुकानात दोनशे चाळीसले भेटतो. तू तेराशे कापले. गाडीत असा हिशोब कधी पाह्यला नाई मी. आमच्याकडे फुल तिकीट रायते नाहीतर हाफ. ओल्या माणसाले कमी पैसे लागत नाई.

सतरा हजार दे.

सीट इकायचं नाई. ते यादीतून काढून टाक. मी येतो आणि घेऊन जातो. प्रेमले सुट्टी भेटली की त्याच्या दोस्ताची छोटी गाडी घेऊन येतो.

पाहुणे म्हणजे पोरगी पाहायचं काम हाय ना? मंग सरळ लिही ना बाबू. लाजतो कायले?

आणखी एक सांग. घरासमोरच्या रोडनं सकाळी आर्णीकडं जाणारी पहिली गाडी किती वाजता निघते? आधी सहा दहाची होती.

खेमसिंग


दिग्रस
शनिवार, २२ नोव्हेंबर २०२५
सायंकाळी ६ वाजून ५ मिनिटे, काट्यावरून आताच आलो आहे

आदरणीय काकाजी यांस जय भीम.

तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी गवंड्याची लेव्हल लावून पाहिली, जमीनच त्या कोपऱ्यात खाली आहे. दिवाणाची घट मागे घेतो. पंपाची किंमत दुकानात विचारली, २६० सांगितले. कूलरचे २,१०० धरतो. सगळे मिळून १६,००० होतात.

सीटबद्दल मात्र मला लिहावे लागेल. बोल्ट गंजून एकजीव झाले आहेत. ते काढायचे तर ओसरीच्या फरशा फोडाव्या लागतील. निदान सहा फरशा जातील आणि तसा रंग आता मिळत नाही. खरेदीखताची झेरॉक्स मी पुन्हा वाचली. त्या शब्दांत सीट बसते. तुमच्यावर अन्याय करायचा माझा हेतू नाही, पण लिहिलेले आहे ते आहे. शिवाय प्रेमभाऊंच्या खाणीच्या क्वार्टरमध्ये ते ठेवणार कुठे?

पहिल्या गाडीची वेळ मला माहीत नव्हती. तीन दिवस ओसरीत उभा राहून घड्याळ पाहिले. ६.१२, ६.१०, ६.२५. तिसऱ्या दिवशी धुके होते.

पाहुण्यांचे सरळ लिहितो. मुलीचे नाव मैत्रेयी. दारव्ह्याला माझे मामा धम्मरत्न राहतात, त्यांच्या ओळखीतले घर आहे. मुलगी बारावी झाली आहे, शिवणकाम करते. माझे शिक्षण नववीपर्यंत, हे मामांनी त्यांना सांगितले आहे. मी सांगायलाच लावले.

किंमत लवकर कळवावी. कारण असे की सामान अजून माझे झालेले नाही, म्हणून मी ते वापरत नाही. दिवाणाशेजारी खाली सतरंजी टाकून झोपतो. थंडी वाढली आहे.

तुमचा,
संघर्ष


वणी
३० नोव्हेंबर

बाबू,

तू वेडा हाय काय? दिवाण बाजूले अन् माणूस फरशीवर! आज संध्याकाळपासून दिवाणावर झोप. पैसे नंतर. सोळा हजार मंजूर. घाबरून मंजूर केले असं समज. तुले निमोनिया झाला तर माह्यावर केस होईल.

पैसे प्रेमच्या फोनवर टाकू नको. माह्या बँकेच्या पासबुकात भर, नंबर मागच्या बाजूले लिहून देतो. इथं मले काही कमी नाई. मोठा पलंग हाय, टीव्ही हाय, नातू इंग्रजीत बोलते. खाणीचे डंपर दिवसभर जातात, ते मोजत बसतो. पण डंपर मोजून माणसाले काय भेटते? त्याच्यात कोणी उतरत नाई, कोणी चढत नाई.

सीटचं. मी प्रेमले म्हटलं तर तो म्हणते, "बाबा, भंगाराचं सीट आणून ठेवता कुठं, माह्या डोक्यावर?" त्याचंही बरोबर हाय. मंग राहू दे तिथंच. तुह्या कागदात बसते तर बसू दे. पण एक ध्यानात ठेव. खिडकीकडच्या बाजूले कोणाले बसू देऊ नको. तेवीस नंबरवर. तुले बसायचं तर चोवीसवर बस.

कपाटाची किल्ली या पत्रात घातली हाय. त्या कप्प्यात काही नाई, मी रिकामा केला होता. तरी उघडून पाह्य.

गाडीची वेळ लिहिली ते बरं केलं. सहा पंचवीसची असेल तर डायव्हर नवीन हाय. संध्याकाळची पुसदची किती वाजता परत येते तेही पाह्यजो. घाई नाई. सवडीनं लिही.

खेमसिंग


दिग्रस
रविवार, १४ डिसेंबर २०२५
सकाळी ९ वाजून १० मिनिटे, दिवाणावर बसून लिहीत आहे

आदरणीय काकाजी यांस जय भीम.

काल तुमच्या खात्यात ८,००० भरले. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. उरलेले ८,००० महिनाअखेर पगार झाला की भरतो. किल्ली मिळाली. कप्पा रिकामाच होता. फक्त तळाशी वर्तमानपत्र अंथरलेले होते, ते तसेच ठेवले.

दिवाणावर नऊ दिवस झोपलो. आखूड वाटणारा पाय आता लक्षातही येत नाही.

पुसदची गाडी संध्याकाळी ७.३५ च्या आसपास परत येते. चार दिवसांच्या नोंदी मागे लिहिल्या आहेत.

आता सीटबद्दल. तुम्ही वेळेवर सांगितले, नाहीतर माझी पंचाईत झाली असती. तुमचे वाक्य वाचून आधी मी गोंधळलो, कारण ओसरीला खिडकीच नाही. मग आकडा पाहिला आणि समजलो, २३ म्हणजे रस्त्याकडची बाजू, जिथे ठिगळ आहे. हात दाबून पाहिला. आतला फोम खरेच बसला होता आणि एक पट्टी सुटली होती. तिथे एखादा वजनदार पाहुणा बसला असता तर खाली गेला असता आणि सगळे हसले असते.

म्हणून मी ती बाजू नीट करून घेतली. बसस्टँडच्या मागे गोविंदाभाऊ म्हणून ट्रॅक्टरची आणि ऑटोची कुशन शिवणारे आहेत. ते घरी आले, वरचा भाग सोडवून दुकानात नेला आणि दोन दिवसांत परत बसवला. नवा फोम, नवे हिरवे रेक्झिन, दोन्ही बाजूंना सारखे. जुने फाटके सगळे काढून टाकले. १,३५० रुपये लागले. हे मी तुमच्याकडून कापणार नाही. सीट घराचे आहे, खर्चही घराचा.

आता ओसरी अगदी वेगळी दिसते. तुम्ही पाहिली तर ओळखणार नाही.

२८ तारखेला दोनच आठवडे उरले आहेत. चहाचे सहा कप आणले. कोणाला काय विचारायचे आणि कोणी विचारले तर काय सांगायचे, ते एका कागदावर लिहून पाठ करत आहे. घरात बोलायला कोणी नसल्यामुळे मोठ्याने म्हणून पाहतो.

तुमचे पत्र आले की बरे वाटते. उत्तर लिहावे.

तुमचा,
संघर्ष


दिग्रस
शुक्रवार, २ जानेवारी २०२६
सकाळी ६ वाजून २० मिनिटे. पहिली गाडी आता गेली

आदरणीय काकाजी यांस जय भीम.

माझ्या मागच्या पत्राला उत्तर आले नाही. आधी वाटले पोस्टात अडकले असेल. मग वाटले तुमची तब्येत बिघडली असेल. प्रेमभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "बाबा ठीक हाय. तुमचं पत्र आलं तवापासून बोलून नाही राह्यले फक्त. काय लिहिलं होतं त्यात?" मी म्हटले, काही नाही, सामानाचे होते. फोन ठेवल्यावर माझ्या पत्राची कच्ची प्रत काढून तीनदा वाचली. मला त्यात चूक सापडली नाही.

३१ तारखेला उरलेले ८,००० भरले. सामानाचे पैसे पूर्ण झाले.

तुम्ही विचारले नाही, तरी २८ तारखेचे लिहितो. दुसऱ्या कोणाला लिहिणार?

मामा, मुलीचे वडील, तिची आत्या आणि मैत्रेयी असे चौघे आले. आत्या पुढे होत्या. त्यांनी दिवाणावर हात फिरवला.

"सागवानी हाय काय?"

"हो. जुना आहे. सात हजारांचा."

"जुना कोणाचा?"

मी सांगितले, घर विकणाऱ्या काकाजींचा. आणि कपाट? तेही. टेबल? तेही. मामांनी मागून माझा सदरा ओढला, पण विचारले तर खरे सांगावे लागते. आत्यांनी कपाट उघडले, बंद केले आणि आरशाजवळ वाकून पाहिले.

"जावईबुवा, घरात बाई हाय काय?"

"नाही."

"मंग ही टिकली कोणाची?"

आरशाच्या कोपऱ्यात एक लाल टिकली चिकटलेली आहे. मी रोज पाहतो. काढली नव्हती. मी म्हणालो, "ती यादीत नव्हती, म्हणून काढली नाही."

आत्या मामांकडे वळल्या. मैत्रेयी मात्र हसली. टिंगलीचे हसणे नव्हते ते. म्हणाली, "राहू द्या ना आत्या. तिनं कोणाचं काय खाल्लं?"

मग सगळे ओसरीत बसले. मैत्रेयीला मी २३ नंबरवर बसवले. ती बाजू आता चांगली मजबूत झाली आहे, असेही तिला सांगितले. चहा चांगला झाला होता.

जाताना आत्या मामांना फाटकाजवळ म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मोठा आहे: "पोट्टा सोन्यासारखा हाय बावा. पण हा दुसऱ्याचा संसार मांडून बसला. उद्या पोरीचं काही दुखलंखुपलं तर कोणाकडं पाहायचं? दिवाणाकडं?"

३० तारखेला मामांचा फोन आला. नाही म्हणाले.

मी रागावलो नाही. त्या म्हणाल्या ते खोटे नव्हते. मी सामान मोजले, सामानात माणूस नसतो हे मोजायचे राहिले.

पण तुमचे गप्प राहणे मला समजत नाही. माझ्याकडून काय चुकले ते लिहून कळवा. कितीही वाईट असले तरी लिहा. लिहिलेले मला सहन होते.

तुमचा,
संघर्ष


वणी
११ जानेवारी

बाबू,

तुह्यं नवीन पत्र वाचलं. पोरीकडच्यांनी नाई म्हटलं ते वाचून वाईट वाटलं. टिकली माह्या बायकोची हाय. पुष्पाची. राहू दे.

तुह्यी चूक नाई. मी सांगितलंच नाई तर तुले कळन कसं? मी आपलं इकडून हुकूम सोडला, अमुक जागी बसू नको, अन् कारण पोटात ठेवलं. आता सांगतो.

मी एकतीस वर्षं गाडी चालवली. पुष्पा माह्या गाडीत कितीदा तरी बसली. पोहरादेवीच्या जत्रेले, तिच्या माहेरी, यवतमाळले डॉक्टरकडे. नेहमी तेवीस नंबर, खिडकीजवळ. पण डायव्हरले बायकोजवळ बसता येत नाई. तो पुढं, ती मागं. मधात साठ माणसं. मी वरच्या आरशात पाहायचो. ती मले सगळी आरशातच दिसली, बाप्पा. एकदा ती म्हणे, "आपण दोघं मिळून कधी एका सीटवर बसून कुठी गेलो काय?" मी आठवून पाह्यलं. नाई गेलो. सुट्टीच्या दिवशी मी म्हणायचो, आज तरी गाडीत बसवू नको मले.

रिटायर झालो तवा भंगाराच्या लिलावातून ते सीट घेतलं. नऊशे रुपयाले. ओसरीत पक्कं केलं. पक्कं काहून? तर ती म्हणे, हललं तर मले गाडी लागते. हसली अन् बसली. तेवीसवर ती, चोवीसवर मी. सकाळी सहा दहाची गाडी समोरून जायची तवा आम्ही चहा घ्यायचो. ती म्हणायची, चला, निघाली आपली गाडी. साडेचार वर्षं आम्ही असे रोज गावाले गेलो.

रेक्झिन फाटलं तवा तिनं तिच्या आईच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे आमच्या बायांच्या घागऱ्याचा तुकडा कापून लावला. ते ठिगळ. आरसे तिनं मोजून लावले होते. तू पण मोजले होते, सात. तुह्या पहिल्या पत्रात वाचलं तवाच मले वाटलं होतं का या पोराजवळ सीट राह्यलं तरी चालते.

इथं मोठा पलंग हाय असं मी लिहिलं होतं. पलंग हाय, पण तो प्रेमचा हाय. मी स्वयंपाकघरासमोर बोळीत खाट टाकून झोपतो. सूनबाई चांगली हाय, जेवण वेळेवर भेटते. पण मी कुठी पाय ठेवला तर कोणाचं तरी काम अडते. सामानाचा सौदा मी एका दिवसात करू शकत होतो. लांबवला. तुह्यं पत्र आलं पाह्यजे म्हणून लांबवला.

पैसे पोचले. सौदा संपला. आता सीट खरंच तुह्यं हाय. नवीन हाय म्हणतो, तर नवीनच असू दे. गाड्यांच्या वेळा आता लिहू नको.

खेमसिंग


दिग्रस
सोमवार, २६ जानेवारी २०२६
दुपारी ३ वाजून ३० मिनिटे. सुट्टी आहे. ओसरीत २४ नंबरवर बसून लिहीत आहे

आदरणीय काकाजी यांस जय भीम.

तुमचे पत्र १७ तारखेला मिळाले. मी काट्यावर होतो. उभ्याउभ्या वाचले आणि त्यानंतरच्या गाडीचे वजन चुकीचे लिहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा. शेतकऱ्यानेच दाखवून दिले.

संध्याकाळी सरळ गोविंदाभाऊंच्या दुकानात गेलो. विचारले, माझ्या सीटचे जुने रेक्झिन कुठे आहे?

"दीड महिन्यानं आला काय विचारायले? तू तर म्हणला होता, फेकून द्या."

"फेकले?"

"पाणी पी आधी. तुह्यं तोंड कसं झालं पाह्य."

मी पाणी प्यायलो. गोविंदाभाऊ दोरा दाताने तोडत म्हणाले, "कुशनवाला जुनं कव्हर फेकत नसते. शिवण उसवायची, तुकडे सपाट करायचे, अन् त्याच्यावरून नवं कापायचं. तोच आमचा नमुना. शाळेच्या व्हॅनची ऑर्डर हाय, बारा सीटं, हेच माप. वर पाह्य."

वर खिळ्याला तुमचे जुने सीट टांगलेले होते. सगळे तुकडे वेगवेगळे, पोस्टाच्या पाकिटासारखे उघडलेले. त्यावर खडूच्या रेघा होत्या. ठिगळाचा तुकडा सगळ्यात मागे होता.

मी म्हणालो, हे मला परत पाहिजे. ते म्हणाले, "मंग बारा सीटं मी काय अंदाजानं कापू?" मग आम्ही दोघांनी बसून सगळे तुकडे जाड कागदावर आखले आणि कापले. मी आखले, कारण माझी रेघ सरळ येते. मजुरी शंभर ठरली. त्यांनी आधी दीडशे सांगितले होते.

ठिगळ मी घरी आणून दिव्याखाली पाहिले. भरतकाम धड आहे. लाल धागा एका ठिकाणी खिळ्याने ओढला गेला आहे. आरसे सहा आहेत. सातव्याच्या जागी गोल घर आहे, कडेचा धागा आहे, आरसा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात जाऊन जमीन झाडली. गोविंदाभाऊंनी कचऱ्याचे पोते उलटे करून दिले आणि म्हणाले, "तू काय हिऱ्याची अंगठी हरवली काय रे?" मी म्हटले, तसेच काही. खिळे, रबराचे तुकडे आणि आठ आण्यांचे एक जुने नाणे मिळाले. आरसा मिळाला नाही.

काल गोविंदाभाऊ घरी आले आणि २३ च्या बाजूला, हिरव्या रेक्झिनच्या वर, ते जुने कव्हर जसे होते तसे चढवून शिवून दिले. २४ ची बाजू हिरवीच आहे. एक सीट दोन रंगांचे दिसते. मला ते बरोबर वाटते.

खरेदीखतातले शब्द आता मला बदलता येत नाहीत. म्हणून वेगळ्या कागदावर लिहून सही केली आहे, सोबत जोडतो. त्यात लिहिले आहे की सीट क्रमांक २३ हे घराच्या विक्रीत आलेले नाही. ते खेमसिंग रामधन राठोड यांचे आहे, माझ्या ओसरीत ठेवलेले आहे, आणि ते पाहायला ते न विचारता केव्हाही येऊ शकतात. साक्षीदार म्हणून गोविंदाभाऊंची सही घेतली आहे. स्टॅम्पपेपर नाही, पण मी लिहिलेले मोडत नाही.

मैत्रेयी त्या जागी बसली होती, त्याबद्दल माफी मागतो. आता तिथे कोणी बसत नाही. मीही नाही. सकाळी मी चोवीसवर बसून चहा घेतो. सहा दहाची गाडी आज सहा अकराला गेली. वेळा लिहू नको म्हणालात, तरी ही एक लिहिली.

वणीहून सकाळच्या गाडीने निघालात, यवतमाळला बदललीत, तर दुपारी जेवायला इथे पोहोचता. मला वरण-भात आणि वांग्याची भाजी येते. तुम्ही आलात की चोवीसवर तुम्ही बसा. मी टेबलाजवळची खुर्ची बाहेर घेईन. दिवाणही तुम्हालाच. मला फरशीवर झोपायची सवय आहे, आणि यावेळी दोन सतरंज्या आहेत.

हिशोब खाली लिहितो, म्हणजे आपल्यात काही राहायला नको.

खर्च झालेले:
सामान, पाच वस्तू – १६,०००
नवे रेक्झिन, फोम – १,३५०
पाहुण्यांचा चहा, फराळ, कप – ४८०
जुने कव्हर परत घेण्याची मजुरी – १००
तेच पुन्हा शिवण्याची मजुरी – २००
लाल धागा – २०
एकूण – १८,१५०

तुम्ही पहिल्या दिवशी १८,५०० सांगितले होते. इतकी घासाघीस करून माझे साडेतीनशे वाचले.

देणे:
रुपये – काही नाही.
आरसा, नखाएवढा, गोल – एक. बाजारात दहा रुपयांत पाकीट मिळते. तुम्हाला विचारल्याशिवाय बसवलेला नाही.

संघर्ष